साचा कुठे आहे, हे पॅकेजनेच सांगावे

जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी भलत्याच प्रश्नावर लढला जातो. एखाद्या पॅकेजमध्ये कोड अजिबात नसेल, नुसती टेम्प्लेट्स (साचे) असतील, म्हणजे ईमेलचे मसुदे, पावत्यांची एचटीएमएल पाने, नव्या प्रकल्पाचा तयार सांगाडा, तर अशा पॅकेजने एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात, यावे की येऊ नये? एक बाजू म्हणते, एनपीएम कोडसाठी आहे, तिथे मजकुराच्या फाइली कोंबू नका. दुसरी म्हणते, फाइल ती फाइल. इन्स्टॉल झाली की प्रकल्पाच्या नोड-मॉड्यूल्स या फोल्डरात पडलेली असतेच, मग अडचण कसली? मला या दोन्ही भूमिका मूळ प्रश्नाला बगल देणाऱ्या वाटतात. टेम्प्लेट्सची पॅकेजेस एनपीएमवर केव्हाच आली आहेत आणि ती जाणार नाहीत. विचारायचे ते हे, की असे पॅकेज प्रकल्पात आल्यावर त्यातली टेम्प्लेट्स नेमकी कुठे आहेत हे सांगायचे कोणी? माझे उत्तर आहे: पॅकेजने. आपल्या पॅकेज-जेसॉन या माहितीच्या फाइलमध्ये, उघडपणे, यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने. वापरणाऱ्याने डिस्कवर फोल्डर चाचपत फिरायचे, हा आजचा रिवाज चुकीचा आहे आणि तो बदलणे आपल्या हातात आहे.

कोडच्या बाबतीत हा प्रश्न इतक्या आधी सुटला, की तो कधी प्रश्न होता हेच आपण विसरलो. एनपीएम आले २०१० साली, आणि पॅकेज-जेसॉनमधला ‘मेन’ हा रकाना तेव्हापासून आपल्या सवयीचा आहे. आपण एक्स्प्रेससारख्या पॅकेजचे नाव लिहून ते ‘रिक्वायर’ करतो, म्हणजे कोडमध्ये मागवतो, तेव्हा ते कुठल्या फोल्डरात आहे, त्यातली कुठली फाइल आधी उघडायची, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असायची गरजही नसते. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आपल्या फाइलपासून एकेक फोल्डर वर चढत नोड-मॉड्यूल्स शोधते, पॅकेज-जेसॉन वाचते आणि ‘मेन’मध्ये लिहिलेली फाइल उघडते. नाव आपण द्यायचे, आतली जागा पॅकेजने सांगायची, दोघांची गाठ रिझॉल्व्हरने, म्हणजे नावावरून फाइल शोधणाऱ्या यंत्रणेने, घालून द्यायची. टेम्प्लेटसाठी यातले मधले काम कोणालाच नेमून दिलेले नाही. हॅंडलबार्सची (टेम्प्लेट लिहिण्याची एक भाषा) फाइल ‘मेन’मध्ये लिहिणे बहुतेकांना सुचत नाही, आणि लिहिली तरी वीस टेम्प्लेट्सपैकी कुठले एक तिथे लिहिणार?

आमच्या संघाचा अनुभव सांगतो. आम्ही पुण्यात काम करतो. ग्राहकांना जाणाऱ्या सूचनांचे मसुदे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. तीन वेगवेगळ्या सेवा तेच मसुदे वापरत, म्हणून ते एका खासगी पॅकेजमध्ये काढले. त्यात हॅंडलबार्सच्या फाइली आणि चार-दोन चित्रे होती, कोडची एक ओळ नव्हती. पहिल्या सेवेने नोड-मॉड्यूल्सपासूनचा पाथ जोडून थेट फाइल उघडली. दुसरीने त्या पॅकेजमध्ये एका ओळीची जेएस फाइल घालून घेतली, जी फक्त आपल्या फोल्डरचा पाथ परत देते. तिसरीने वैतागून मसुदे स्वतःच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कॉपी केले. पुढे आम्ही तिन्ही सेवा एनपीएमच्या वर्कस्पेसेसखाली (एका प्रकल्पात अनेक पॅकेजेस सांभाळण्याची सोय) एकत्र आणल्या. वर्कस्पेसेसमध्ये डिपेन्डन्सीज, म्हणजे प्रकल्पाला लागणारी इतर पॅकेजेस, वरच्या सामाईक नोड-मॉड्यूल्समध्ये उचलल्या जातात, त्यामुळे पहिल्या सेवेचा पाथ त्याच दिवशी तुटला. ते निदान दिसले तरी. तिसऱ्या सेवेत काहीच तुटले नाही आणि तेच महागात पडले. मूळ पॅकेजमध्ये मराठी मजकूर सुधारला गेला, कॉपीत जुनाच राहिला, आणि कित्येक आठवडे ग्राहकांना चुकीच्या मुदतीचा मसुदा जात राहिला. मराठी मजकूर लिहिणाऱ्या आमच्या सहकारी प्रोग्रामर नाहीत. त्यांनी मला दोनदा विचारले होते, ‘अहो, मी दुरुस्त करते ती फाइल आणि लोकांना जाते ती फाइल एकच ना? ती कुठे असते, दाखवाल का एकदा?’ मला एका वाक्यात उत्तर देता आले नव्हते. हा लेख लिहिण्यामागे ती खंत आहे.

‘डिस्कवर आहे ना, मग शोधा की’ असे म्हणणाऱ्यांना मी पेशवे दप्तराची आठवण करून देईन. पेशवाई बुडाल्यावर ते दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि मोडी कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पुण्यात राहिले. कागद हरवलेले नव्हते. तरी सामान्य अभ्यासकाच्या हाती ते खऱ्या अर्थाने पडू लागले ते १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाल्यावर. शेकडो डिपेन्डन्सीज असलेल्या प्रकल्पाचे नोड-मॉड्यूल्स फोल्डर ज्याने उघडून पाहिले आहे, त्याला रुमालांची ही उपमा ताणलेली वाटणार नाही. आतल्या कुठल्या फोल्डराचे नाव ‘टेम्प्लेट्स’ आहे, कुठल्याचे ‘टेम्प्लेट’, कुठल्याचे ‘व्ह्यूज’, कुठे ते ‘डिस्ट’च्या पोटात आहे, कुठे ‘सोर्स’च्या. यादीवाचून त्यात शिरणे म्हणजे दर वेळी नव्याने रुमाल सोडणे.

आता विरोधी बाजूचे म्हणणे. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे: एनपीएम हे नोडच्या पॅकेजांसाठी आहे, मजकूर हा त्याचा विषय नव्हे. इतिहास याला साथ देत नाही. फॉन्ट, आयकॉन, सीएसएस, परवान्यांच्या याद्या, कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालते याची माहिती, हे सगळे एनपीएमवर वर्षानुवर्षे आहे. सर्वांत मोठे उदाहरण जावास्क्रिप्टला टाइपांची जोड देणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या भाषेचे. जावास्क्रिप्ट लायब्ररींसाठी लिहिलेली टाइप-वर्णने आधी टीएसडी आणि मग टायपिंग्ज अशा वेगळ्या साधनांनी, वेगळ्या नोंदवह्यांतून आणावी लागत. दोन पॅकेज मॅनेजर, दोन याद्या, दोन ठिकाणी आवृत्त्या. सप्टेंबर २०१६मध्ये टाइपस्क्रिप्ट २.० आले आणि ‘अॅट-टाइप्स’ या स्कोपखालची साधी एनपीएम पॅकेजेस कंपायलर आपणहून शोधू लागला. त्या पॅकेजांत चालवण्याजोगा कोड नसतो, फक्त वर्णने असतात. त्या एका निर्णयानंतर जुनी दोन्ही साधने मागे पडली. कोड नसलेल्या वस्तूला एनपीएमवर जागा द्यावी का, या प्रश्नाचा निकाल मी तेव्हाच लागला असे मानतो. आणि तो कशामुळे लागला? वस्तू एनपीएमवर आली एवढ्याने नव्हे, ती कुठे सापडेल हे आधी ठरले म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. पॅकेज-जेसॉन आधीच गच्च भरली आहे. ब्राउझर, मॉड्यूल, टाइप्स, स्टाइल, सास, जेस्ट, बेबल, ब्राउझर्सलिस्ट असे रकाने वाढतच गेले, आणि प्रत्येक साधन तिथे आपली खुर्ची टाकून बसले. त्यात ‘टेम्प्लेट्स’ची भर घालायची, तीही दहा साधनांनी दहा नावांनी? मलाही ते नको आहे. बूटस्ट्रॅप या तयार शैलींच्या संचाच्या पॅकेज-जेसॉनमध्ये ‘स्टाइल’ आणि ‘सास’ असे दोन रकाने आहेत. त्यांना नोडने कधी मान्यता दिली नाही, तरी पोस्टसीएसएसचे इम्पोर्ट-प्लगिन ‘स्टाइल’ वाचते. असे अनौपचारिक रकाने काही साधने पाळतात, काही पाळत नाहीत, आणि लेखकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून माझी मागणी नव्या रकान्याची नाही. जागा सांगण्यासाठी नोडने जो एक अधिकृत रकाना दिला आहे, ‘एक्स्पोर्ट्स’, तो टेम्प्लेटसाठीही वापरावा एवढीच ती आहे. त्याकडे येतो, पण आधी तिसऱ्या आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे, कारण व्यवहारात तोच सर्वांत जास्त ऐकू येतो.

तो असा: एवढा खटाटोप कशाला, पॅकेजमध्ये एका ओळीची जेएस फाइल टाका आणि ‘डरनेम’ (त्या फाइलीच्या फोल्डरचा पाथ) परत द्या, काम झाले. आमच्या दुसऱ्या सेवेने हेच केले होते आणि पॅकेजमधून मसुदे वाचणाऱ्या दोन सेवांपैकी वर्कस्पेसेसच्या बदलात तीच तगली, हे मी लपवणार नाही. बोर्बनसारखे सासचे (सीएसएस सोयीने लिहिण्याची भाषा) जुने पॅकेज आपले ‘इन्क्लूड पाथ्स’ असेच जेएसमधून देत असे. आज या क्षणी कोणाला घाईचा उपाय हवा असेल तर मी याच्याकडेच बोट दाखवीन. पण ही युक्ती काय मागते ते पाहा. मजकुराची फाइल कुठे आहे एवढे कळण्यासाठी परक्या पॅकेजचा कोड चालवावा लागतो. ज्या पॅकेजमध्ये कोड नाही म्हणून ते निर्धास्त वाटत होते, त्यात आपण कोड शिरवला. मग तो कोड कॉमनजेएस या जुन्या मॉड्यूल-पद्धतीचा की ईएसएम या नव्या पद्धतीचा, हा प्रश्न मागोमाग येतो. ईएसएममध्ये ‘डरनेम’ मिळतच नाही. त्याची सोय ‘इम्पोर्ट-मेटा’वर आली ती नोडच्या २०.११ आवृत्तीत. सर्व्हरचा कोड बंडलरने एका फाइलीत बांधला की ‘डरनेम’ बंडलच्या फोल्डराकडे बोट दाखवू लागते आणि टेम्प्लेट्स मागेच राहतात. हा घोळ ज्यांनी प्रॉडक्शनवर पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय जावास्क्रिप्टची साधने आता जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली असतात असे राहिलेले नाही. ईएसबिल्ड गो भाषेत आहे, एसडब्ल्यूसी रस्टमध्ये. त्यांना पॅकेज-जेसॉन वाचणे सोपे आहे. पाथ विचारण्यासाठी जेएस चालवणे त्यांना परवडणारे नाही. आणि आमच्या सहकाऱ्यांसारख्या व्यक्तीला तर ती एक ओळ काहीच सांगत नाही.

राहिला पहिल्या सेवेचा मार्ग, नोड-मॉड्यूल्सपासून पाथ जोडणे. याच्या बाजूने कोणी उघडपणे बोलत नाही, तरी सर्वाधिक कोडमध्ये तोच सापडतो. त्यात गृहीत धरलेले असते की नोड-मॉड्यूल्सची रचना कायमची आहे. ती कधी कायम राहिली? एनपीएमच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याची स्वतःची नोड-मॉड्यूल्स असे, एकात एक, विंडोजवर पाथची लांबी संपेपर्यंत. २०१५मध्ये तिसऱ्या आवृत्तीने ती रचना शक्य तितकी सपाट केली. पीएनपीएम या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने फाइली एका सामाईक साठ्यात ठेवल्या आणि प्रकल्पात फक्त दुवे उभे केले. तिथे तुम्ही स्वतः न मागितलेले पॅकेज वरच्या पातळीवर दिसतही नाही. यार्न या तिसऱ्या मॅनेजरने २०१८मध्ये प्लग-अँड-प्ले आणले आणि जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आवृत्तीत तीच मूळ पद्धत केली. त्यात नोड-मॉड्यूल्स हे फोल्डरच उरत नाही, पॅकेजेस झिपमध्ये बंद असतात. ज्या टाइपस्क्रिप्टचे मी आत्ता कौतुक केले, त्याचा शोधही फोल्डर चढत जाण्यावर बेतलेला असल्यामुळे यार्नला टाइपस्क्रिप्टवर स्वतःचा पॅच चढवावा लागतो. एवढ्या मोठ्या, एवढ्या वापरातल्या साधनाची ही गत, तर तुमच्या-माझ्या हाताने जोडलेल्या पाथचे काय? फाइल-प्रणालीची रचना ही पॅकेज मॅनेजरची घरगुती बाब आहे. तिच्यावर आपला कोड बेतणे म्हणजे भाड्याच्या घराच्या भिंतीत खुंट्या ठोकून त्यांवर संसार टांगणे.

आता ‘एक्स्पोर्ट्स’. २०१९च्या नोड १२ पासून हा रकाना आला. पॅकेजच्या आतल्या कुठल्या वाटा बाहेरच्यांना खुल्या आहेत हे लेखकाने त्यात लिहायचे, आणि एकदा लिहिले की बाकीच्या सगळ्या वाटा रिझॉल्व्हर बंद करतो. त्याचा तडाखा एप्रिल २०२०मध्ये बसला. ‘इज-प्रॉमिस’ नावाच्या चिमुकल्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत एक्स्पोर्ट्स चुकीचे लिहिले गेले आणि क्रिएट-रिअॅक्ट-अॅप या साधनाने नवा रिअॅक्ट प्रकल्प उभा करणेसुद्धा अडले. त्या आणि तशा प्रसंगांनंतर बऱ्याच जणांनी एक्स्पोर्ट्सकडे दार बंद करणारा पहारेकरी म्हणूनच पाहिले. टेम्प्लेट शोधणाऱ्या साधनांना तर त्याचा दुहेरी फटका बसला. पॅकेजचे मूळ फोल्डर शोधण्यासाठी ती सर्रास पॅकेज-जेसॉनचाच पाथ रिझॉल्व्हरकडून मागत, आणि एक्स्पोर्ट्समध्ये तिचा उल्लेख नसला की तीही मिळेनाशी झाली. हा राग मला समजतो. पण नीट पाहिले तर याच रकान्यात आपल्याला हवे ते उत्तर आहे. तारांकित वाट लिहून ‘टेम्प्लेट्सच्या फोल्डरातले सगळे या नावाखाली खुले’ असे एका ओळीत सांगता येते. पॅकेज-जेसॉनही दुसऱ्या ओळीत खुली करता येते. मग वापरणारा पॅकेजचे नाव आणि टेम्प्लेटचे नाव रिझॉल्व्हरला देतो आणि पाथ मिळवतो; आत फोल्डर ‘डिस्ट’ आहे की ‘सोर्स’, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. परका कोड कुठेही चालत नाही. पॅकेज मॅनेजर कोणताही असो, रिझॉल्व्हरला विचारले की उत्तर मिळते. नोडने पुढे, २२.१४ आवृत्तीत, कुठल्याही पॅकेजची पॅकेज-जेसॉन शोधून देणारे स्वतंत्र फंक्शनही दिले, म्हणजे दुसऱ्या ओळीची गरजही हळूहळू कमी होईल.

यावर अनुभवी पॅकेज-लेखक जो मुद्दा मांडतात, तो मला या सबंध वादातला सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो. टेम्प्लेटची वाट जाहीर केली की ती पॅकेजचा सार्वजनिक करार होते. उद्या एका फाइलीचे नाव बदलायचे तर मोठी आवृत्ती काढावी लागेल. मजकूर, नक्षी, मांडणी या सतत बदलणाऱ्या गोष्टी. त्यांना कोडच्या कराराची शिस्त कशाला? हे ओझे खरे आहे. पण ते जाहीर न केल्याने टळते का? तुम्ही वाट सांगितली नाही तरी लोक आत शिरून फाइल उचलतातच, आमच्या पहिल्या सेवेने उचलली तशी. तेव्हा करार आजही आहे, फक्त तो लेखकाला न विचारता झालेला आहे आणि पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलीला लागू आहे. वाट जाहीर केल्याने तो आकुंचन पावतो: एवढी टेम्प्लेट्स माझ्या जबाबदारीवर, बाकीचे तुकडे आणि उप-साचे माझे खासगी. शिवाय एक्स्पोर्ट्समधले बाहेरचे नाव आणि आतली फाइल वेगळी असू शकते. आतली फाइल हलवा, नाव तेच ठेवा. लेखकाचे स्वातंत्र्य याने वाढते, हे मी आमच्या पॅकेजमध्ये प्रत्यक्ष पाहिले आहे.

गिटवाल्यांचे, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या चाहत्यांचे, म्हणणे यापेक्षा वेगळे आहे. ते विचारतात, टेम्प्लेट एनपीएममधून आणायचेच कशाला? डीगिटसारख्या साधनाने रेपोची इतिहासाविना प्रत घ्या, गिटहबवर २०१९पासून टेम्प्लेट-रेपोची सोय आहे, ती वापरा. इथे दोन्ही बाजू एकमेकांना न समजता बोलत राहतात, कारण ‘टेम्प्लेट’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक, नवा प्रकल्प सुरू करताना एकदाच कॉपी होणारा सांगाडा. त्याचा मूळ पॅकेजशी संबंध त्या क्षणी संपतो. पुढे ती फाइल तुमची. दोन, प्रत्येक वेळी कार्यक्रम चालताना वाचला जाणारा साचा: पावती, ईमेल, अहवालाचे पान. हा डिपेन्डन्सीच आहे, कोडइतकाच. त्याची आवृत्ती लॉक-फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांची यादी) बांधलेली हवी, त्याच्या आशयाचा हॅश तपासलेला हवा, खासगी रजिस्ट्रीतून तो यायला हवा, नेट नसताना बिल्ड व्हायला हवे. पहिल्या प्रकारासाठी गिटवाल्यांशी माझे भांडण नाही. सांगाड्यांच्या बाबतीत एनपीएम स्वतःही अडखळते हे मान्य करायला हवे: पॅकेज बांधताना एनपीएम गिट-इग्नोर फाइलीला पॅकेजच्या स्वतःच्या नियमांची फाइल समजते, म्हणून क्रिएट-रिअॅक्ट-अॅपच्या टेम्प्लेटांत ती बिनटिंबाच्या नावाने ठेवावी लागे आणि क्रिएट-व्हीटमध्ये आजही ती अधोरेषा लावून ठेवतात. पॅकेजमधली फाइल ‘आशय’ असू शकते, ‘सेटिंग’ असेलच असे नाही, हा विचार त्या रचनेत नव्हता याची ही खूण आहे. दुसऱ्या प्रकाराला मात्र गिटचे उत्तर लागू पडत नाही, आणि आमची चुकलेली मुदत ही दुसऱ्या प्रकारच्या वस्तूला पहिल्या प्रकारची वागणूक दिल्याचा परिणाम होती.

आपल्याआधी कोणी या वाटेने गेलेच नाही असे समजून आपण भांडतो आहोत. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे उदाहरण घ्या. टेकमध्ये दस्तऐवजांचे वर्ग, शैलीच्या फाइली, फॉन्टांची मापे अशा असंख्य वस्तू लागतात, आणि सुरुवातीच्या काळात प्रत्येक विद्यापीठाच्या यंत्रावर त्या वेगवेगळ्या जागी असत. एका ठिकाणी लिहिलेला प्रबंध दुसरीकडे छापेलच याची खात्री नसे. १९९०च्या दशकात टेक वापरणाऱ्यांच्या संघटनेने फोल्डरांची एक सामाईक रचना ठरवली आणि केपाथसी ही लायब्ररी शोधण्याचे काम पाहू लागली. लेखक आपल्या दस्तऐवजात वर्गाचे फक्त नाव लिहितो. ती फाइल कुठे आहे हे कुतूहल असेल तर केपीएसई-व्हिच हा आदेश नाव देऊन विचारायचा, तो पूर्ण पाथ सांगतो. आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणारा आदेश टेकवाल्यांकडे इतकी वर्षे आहे! पायथनवाल्यांनी आमच्यासारखीच वर्षे काढली. मॉड्यूलच्या फाइलीचा पाथ घ्यायचा, त्याला शेजारच्या टेम्प्लेटचे नाव जोडायचे, आणि पॅकेज झिपमधून चालले की सगळे कोसळायचे. २०१८च्या पायथन ३.७मध्ये इम्पोर्टलिब-रिसोर्सेस मूळ लायब्ररीत आले, आणि पॅकेजमधली संसाधने नावाने मागायची रीत रूढ झाली. जाव्हात तर जारमधले संसाधन क्लासलोडरकडे नावाने मागणे ही इतकी जुनी गोष्ट आहे की तिथे कोणी ती चर्चेला घेत नाही. तीन वेगळ्या समाजांनी वेगळ्या काळात एकच निष्कर्ष काढला. जावास्क्रिप्टमध्ये असे काय वेगळे आहे, की आपल्याला तो लागू पडू नये?

आपल्याच अंगणातही उदाहरणे आहेत. बॉवर हे पॅकेज मॅनेजर २०१२मध्ये ट्विटरमधून आले तेव्हा त्याच्या ‘मेन’मध्ये एकाहून अधिक फाइली लिहिता येत, जेएसबरोबर सीएसएसही, पॅकेज म्हणजे फक्त कोड नव्हे हे त्याने आधीच ओळखले होते. बॉवर मागे पडले आणि ती समज त्याच्याबरोबर गेली, याची मला हळहळ वाटते. अगदी अलीकडचे आणि मला सर्वांत आश्वासक वाटणारे उदाहरण सासचे. वर्षानुवर्षे सासच्या फाइलीत पॅकेजमधली शैली आणायची तर वेबपॅकच्या लोडरसाठी नावाआधी टिल्ड लावा, नाहीतर नोड-मॉड्यूल्सचा पाथ सेटिंगमध्ये द्या, अशी कसरत होती. फेब्रुवारी २०२४च्या डार्ट सास १.७१मध्ये ‘पीकेजी’ अशी खूण लावून पॅकेजचे नाव लिहायची अधिकृत सोय आली. तिच्यामागचा इम्पोर्टर पॅकेजचे एक्स्पोर्ट्स वाचतो आणि त्यात ‘सास’ किंवा ‘स्टाइल’ या अटीखाली लिहिलेली वाट धरतो. स्वेल्ट या वेब-फ्रेमवर्कची पॅकेजेसही जुना स्वतंत्र रकाना सोडून एक्स्पोर्ट्समधल्या ‘स्वेल्ट’ अटीकडे वळली. शैली कोड नाही, तरी तिला तिचा पत्ता मिळाला, आणि त्यासाठी नोडमध्ये एक ओळही बदलावी लागली नाही. टेम्प्लेट वाचणाऱ्या साधनांनी हेच करावे, हे माझे मागणे आहे.

एक भेद इथे नीट सांगायला हवा, कारण तो पुसला की चर्चा पुन्हा घसरते. रजिस्ट्रीवरच्या लाखो पॅकेजांतून टेम्प्लेटचे पॅकेज माणसाला सापडणे ही एक गोष्ट, आणि इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमधले टेम्प्लेट यंत्राला सापडणे ही दुसरी. पहिलीसाठी नावाचे संकेत उत्तम काम करतात. प्रकल्पांचे सांगाडे उभारणाऱ्या येओमनने नावाआधी ‘जनरेटर’ लावायला आणि ठरलेला कीवर्ड द्यायला सांगितले. क्रिएट-रिअॅक्ट-अॅपने ‘सीआरए-टेम्प्लेट’ ही आडनावासारखी खूण ठरवली. एनपीएमच्या ‘इनिट’ला नाव दिले की ते त्याआधी ‘क्रिएट’ जोडून पॅकेज शोधते. हे संकेत जरूर पाळावेत. पण नावाची खूण कोणीही लावू शकतो. म्हणून साधनाने नोड-मॉड्यूल्समध्ये शिरून ‘ज्याच्या नावात टेम्प्लेट आहे ते उचला’ असे करणे मला धोकादायक वाटते. सपाट रचनेत तुम्ही कधीच न मागितलेली, डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीतून आलेली पॅकेजेसही शेजारी पडलेली असतात, आणि त्यांतल्या एखाद्याचा मसुदा तुमच्या ग्राहकाला जाणे ही काल्पनिक भीती नाही. साधनाने प्रकल्पाच्या स्वतःच्या पॅकेज-जेसॉनमध्ये उघडपणे लिहिलेल्या डिपेन्डन्सीज पाहाव्यात, त्यांतल्या प्रत्येकीचे एक्स्पोर्ट्स रिझॉल्व्हरमार्फत वाचावेत आणि तिथे जे जाहीर आहे तेवढेच घ्यावे. त्यापलीकडे काही सापडले तरी हात लावू नये. आणि केपीएसई-व्हिचसारखा एक आदेश द्यावा: टेम्प्लेटचे नाव घ्या, पूर्ण पाथ आणि पॅकेजची आवृत्ती छापा. तो लिहायला एक दुपार पुरते. मी आमच्यापुरता लिहिला तेव्हा तेवढीच लागली.

आमच्या मसुद्यांच्या पॅकेजमधून एका ओळीची जेएस फाइल आता काढली आहे. एक्स्पोर्ट्समध्ये दोन ओळी आहेत, एक टेम्प्लेट्सची, एक पॅकेज-जेसॉनची. पहिल्या दोन सेवा रिझॉल्व्हरला नाव देऊन मसुदे उघडतात. तिसऱ्या सेवेतल्या कॉपी काढायच्या राहिल्या आहेत, कारण त्यांत मधल्या काळात कोणीतरी केलेले छोटे बदल आहेत आणि त्यांतले कुठले राखायचे हे मजकूर लिहिणाऱ्यांनाच ठरवावे लागेल. आमच्या सहकारी त्या यादीवर बसल्या आहेत. आदेश त्यांच्या यंत्रावर चालतो. मराठी मसुद्याचे नाव टाइप केले की फाइलचा पाथ दिसतो, आणि ती फाइल त्या स्वतः उघडतात.